बंबखाना वाचवताना

३ मार्च, सकाळ

आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची सुरुवात आपण स्वतः लिहून ठेवली नाही, तर मागाहून लोक वाटेल ते लिहितात.

तर, प्रभाग नियोजन समितीवर माझी निवड झाली. औषधांच्या दुकानात समितीच्या अध्यक्षा भेटल्या. निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, सगळा प्रभाग त्यांना नुसतं 'बाई' म्हणतो. त्यांनी विचारलं, सध्या घरीच असता ना? मी म्हटलं, अगदी तसं म्हणता येणार नाही. त्या म्हणाल्या, कोरमला एक माणूस कमी पडतोय, मानधन नाही, या. शहराला माझी गरज आहे हे इतक्या साध्या शब्दांत सांगणाऱ्या बाई मला एकदम आवडल्या.

जुन्या इमारती जपणं हा माझा पेशा. हयात त्यात गेली. ऑफिस आता भागीदार बघतो. मी जरा मोकळा श्वास घ्यावा असा आग्रह त्यानेच धरला. माझ्या टेबलावर सध्या प्रिंटर ठेवलाय. तात्पुरता.

संकल्प: सभेत बोलायचं कमी, ऐकायचं जास्त. चहा बंद.

त्याच दिवशी, दुपारी

चहाशिवाय डोकं चालत नाही. समितीला माझं डोकं हवंय. चहा चालू.

६ मार्च, संध्याकाळ

पहिली सभा. वॉर्ड ऑफिसच्या वरची खोली, प्लास्टिकच्या खुर्च्या, फिरताना कण्हणारा पंखा. विषय एकच: चौकातला जुना बंबखाना पाडून तिथे पार्किंग करायचं. आगीचे बंब कधीच नव्या केंद्रात गेले, तेव्हापासून इमारत कुलपात आहे. प्रस्ताव ज्यांचा, त्यांचं समोरच स्टेशनरीचं दुकान. मी मनातल्या मनात त्यांचं नाव 'पार्किंगवाले' ठेवलंय.

मला तीन मिनिटं दिली होती. कमी बोलायचं ठरवलंच होतं, म्हणून फक्त कमानींवर बोललो. आता कमान म्हटली की विटा आल्या, विटा म्हटल्या की चुना आला, आणि चुन्यावर थोडक्यात बोलणं हा चुन्याचा अपमान आहे. भान आलं तेव्हा दोन सभासद उठून गेले होते. कोरम तुटला. मतदान होऊ शकलं नाही.

म्हणजे पहिल्याच सभेत मी पाडकाम थांबवलं. एकट्याने! निघताना बाई म्हणाल्या, तुम्हाला कोरम भरायला बोलावलं होतं हो. फार मिश्कील आहेत.

७ मार्च

बायकोला सगळं साग्रसंगीत सांगितलं. ती क्लिनिकच्या टॉवेलांच्या घड्या घालत होती. ती फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघे, कंबर, खुबे, खांदे. भाड्याची खोली, दुसरा मजला, लिफ्ट नाही. म्हणजे गुडघा दुखतो म्हणून आलेल्या माणसाने आधी दोन जिने चढायचे आणि मग गुडघा दाखवायचा.

म्हणाली, समितीवर आहातच तर तळमजल्यावर कुठे मोठी जागा दिसली तर सांगाल का? आत शिरायला सोपी अशी. मी म्हटलं, हे काय सांगणं झालं? पुढच्या आठवड्यात बघतो. टिपून घेतलं.

८ मार्च

घरात पाय ठरत नाही. सकाळी सहज म्हणून बंबखान्यावर गेलो. दुपारी पुन्हा. चारला बायको म्हणाली, अहो, सारखे उठबस करताय, पंख्याचा वारा लागत नाही का? मी म्हटलं, पाव आणतो. पुन्हा तिथेच गेलो. पाव राहिला.

काय इमारत आहे! समोर तीन भल्या थोरल्या कमानी, आत खांब नसलेला लांबलचक हॉल, वरच्या झरोक्यांतून येणारा उजेड. दाराच्या फटीतून पाहिलं. फरशीवर तेलाचे जुने डाग, भिंतीवर हेल्मेटं टांगायच्या खुंट्या, प्रत्येकीखाली रंगवलेला नंबर. आणि दाराशी त्या तीन दगडी पायऱ्या. मधोमध झिजलेल्या. इमारतीचा आत्मा जणू दाराशी येऊन बसलाय. हे वाक्य भाषणात घ्यायचं.

१५ मार्च, रविवार

'वारसा फेरी' काढली. चौकाचौकात पत्रकं लावली होती. माणसं आली दोन. एक बायको. दुसरे स्पोर्ट्स शूज घातलेले एक गृहस्थ. त्यांना ही भरभर चालण्याची फेरी वाटली होती. प्रत्येक इमारतीपाशी ते जागच्या जागी पाय उचलत उभे राहायचे आणि विचारायचे, थांबलो का? तिसऱ्या इमारतीनंतर ते पुढे निघून गेले. उत्साही माणूस आहे. जोडून ठेवायला हवा.

बंबखान्याची किल्ली वॉर्ड ऑफिसातून मागून आणली होती. बायको आत गेली आणि हॉलभर चालून आली. एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग आडवी. फरशी सगळीकडे सपाट आहे का, असं विचारलं. दुपारी उजेड किती असतो, असं विचारलं. मग दाराशी येऊन म्हणाली, या पायऱ्या काढता येतील का?

मी हसलो. मग परतीच्या वाटेवर तिला पायरी या विषयावर नीट समजावून सांगितलं. घर येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. भारावली असावी.

२४ मार्च

सह्यांची मोहीम. सकाळपासून चौकात टेबल टाकून बसलो. लोक घाईत असतात. एका बाईंनी सही केली, पण त्यांना ते पाण्याच्या तक्रारीचं टेबल वाटलं होतं. दुपारपर्यंत जेमतेम चार-पाच सह्या.

बायको म्हणाली, द्या ते कागद, क्लिनिकमध्ये ठेवते. संध्याकाळी सगळे कागद भरून परत! मी ज्यांना कधी पाहिलंही नाही अशा लोकांच्या सह्या. पत्रकाची भाषा. मी बायकोला म्हटलंच, शब्द बरोबर निवडला की काम होतं.

मुलगी दुसऱ्या शहरात असते, तिला फोनवर सांगितलं. तिने विचारलं, आईने त्यांना नेमकं काय सांगितलं, बाबा? मी म्हटलं, आईला काय विचारायचंय, पत्रकात सगळं आहे. ती म्हणाली, बरं बाबा. या पिढीला संवादाची सवयच नाही.

२ एप्रिल

पार्किंग पडलं! मतदानात पडलं! सह्यांचा गठ्ठा पाहून बाईंनीच विरोधात हात वर केला. पार्किंगवाले माझ्याकडे बघत होते. मी बघून न बघितल्यासारखं केलं. जिंकल्यावर माणसाने मोठेपणा दाखवावा.

एक बारीकशी अट आहे. वॉर्डाच्या ज्युनिअर इंजिनिअरबाईंनी ती वाचून दाखवली. तरुण मुलगी, बोलते कमी. महिनाअखेरच्या सभेपर्यंत इमारतीत काय चालवायचं आणि कोण चालवणार ते ठरलं पाहिजे. नाही ठरलं तर पाडायची. नुसती उभी इमारत पोसायला नगरपालिका तयार नाही.

मी लगेच उठून सांगितलं: चुन्याचं संग्रहालय. शांतता पसरली. पार्किंगवाल्यांनी विचारलं, तिथे बघायला काय असणार? मी म्हटलं, चुना. आणखी शांतता. कल्पना मोठी असली की मुरायला वेळ लागतो.

९ एप्रिल, संध्याकाळी सहा

आत्ता सभेतून आलो. आजचं भाषण माझ्या आयुष्यातलं सर्वोत्तम. लिहून ठेवतो.

इंजिनिअरबाईंनी सांगितलं की बंबखान्यासाठी प्रभागातूनच एक विचारणा आली आहे. फिजिओथेरपी सेंटर. इमारतीत काही तोडफोड नको, फक्त दाराशी रॅम्प हवा. मी उठलो. म्हटलं, आज रॅम्प मागतील, उद्या लिफ्ट मागतील, परवा एसीसाठी कमानीला भोक पाडतील. कोण आहेत हे विध्वंसक? त्या पायऱ्या म्हणजे या इमारतीचा आत्मा! (टेबलावर हात. पाण्याचा ग्लास आडवा. परिणामकारक.)

बाई छताकडे बघत होत्या. इंजिनिअरबाई पेनचं टोपण उघडझाप करत होत्या. कुणी माझ्या नजरेला नजर देईना. असा परिणाम मी यापूर्वी कुठल्याच सभेत पाहिलेला नाही.

फक्त पार्किंगवाल्यांनी हळूच विचारलं, मग तेव्हा बंब पायऱ्या चढून आत जायचा का हो? सगळे हसले. तांत्रिकदृष्ट्या बघायला गेलं तर पूर्वी रस्ता दाराच्या पातळीला होता, बंब गेल्यावर तो खोदून खाली नेला, तेव्हा कुठले तरी जुने दगड आणून या पायऱ्या बसवल्या. पण अशा प्रश्नांनी चर्चेची पातळी घसरते.

बायको आली वाटतं. तिला अख्खं भाषण म्हणून दाखवतो.

१० एप्रिल, सकाळ

म्हणून दाखवलं.

ती भाजी निवडत होती. मधे एकदाही थांबवलं नाही. ग्लास आडवा होतो तिथे मी थांबलो, तर म्हणाली, पुढे? मी पुढचंही म्हटलं. मग ती म्हणाली, ते विध्वंसक म्हणजे मी.

मी म्हटलं, कुठले?

म्हणाली, रॅम्पवाले. बंबखान्यात सेंटर काढायचं म्हणणारी मीच. तुमच्या फेरीच्या दुसऱ्या दिवशी मी इंजिनिअरबाईंना जाऊन भेटले. समितीत सगळ्यांना ठाऊक आहे.

मी म्हटलं, मग मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, सांगितलं होतं. तुम्ही टिपून घेतलंत.

मग तिने एका आजींची गोष्ट सांगितली. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या. मागच्या सोमवारी त्या जिन्याच्या वळणावर बसल्या. पुढे चढवेना, मागे उतरवेना. बायको खाली गेली आणि तिथेच, जिन्यातच, त्यांच्याकडून पायाचे व्यायाम करून घेतले. लोक बाजूने अंग चोरून येत-जात होते. आजी म्हणाल्या, पोरी, हा तमाशा नको गं मला. तेव्हापासून त्या यायच्या बंद झाल्यात. फोन केला तर सून सांगते, झोपल्यात.

बायकोने आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं. भाजी निवडून झाली, ती आत गेली. मी देठ गोळा केले.

११ एप्रिल

यातून मार्ग काढणारा माणूस एकच आहे, आणि तो घरातच आहे. रॅम्प मी करणार. पण असा की दगडाला धक्का न लावता, शंभर वर्षांनी पाहणाऱ्यालाही तो मूळचाच वाटावा. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, एक साधं ड्रॉइंग पुरे आहे हो, एका कागदावर. महिनाअखेरच्या आत.

एका कागदावर! हसू आलं. पण आत्ता हसायची वेळ नाही, म्हणून मान डोलावली.

१४ एप्रिल

नैतिक पेच. नवरा समितीवर आणि बायकोचा प्रस्ताव समितीपुढे. मला हे शोभत नाही. बाईंना राजीनामा पाठवला. मंजूर करायला खूप आढेवेढे घेतील, समजूत काढायला दोघं-तिघं घरी येतील. त्यांना काय सांगायचं ते ठरवून ठेवलंय: आधी नकार, मग विचार, मग सल्लागार म्हणून होकार. चांगले कप काढून ठेवले.

त्याच दिवशी, पाऊण तासाने

बाईंचा मेसेज. राजीनामा मंजूर, पुढील वाटचालीस शुभेच्छा. खाली फुलांचा गुच्छ. माझ्या जागी स्पोर्ट्स शूजवाल्या गृहस्थांना घेतलंय. ते वेळेवर येतात म्हणे.

कप परत ठेवले.

१९ एप्रिल

रॅम्पचे तीन पर्याय तयार आहेत. तिन्ही सुंदर, आणि तिन्हींत एकेक खोट. पहिल्यात कमान झाकली जाते. दुसऱ्यात रॅम्प रस्ता ओलांडून थेट पार्किंगवाल्यांच्या दुकानात शिरतो. तिसऱ्यात चाकाच्या खुर्चीला वळताच येत नाही, म्हणजे वर गेलेला माणूस वरच राहणार. चौथा पर्याय हवा.

सकाळपासून खोलीत येरझारा चालू आहेत. बायकोने विचारलं, झालं का? म्हटलं, होतंय.

२५ एप्रिल

चौथा पर्याय जमला. आता दगड. पायरीच्या दगडाला राखाडीत किंचित निळसर झाक आहे. तसाच दगड हवा, नाहीतर ठिगळ दिसेल. बायको म्हणाली, दगड नंतर बघू, आधी ड्रॉइंग द्या. मी म्हटलं, दगड ठरल्याशिवाय जाडी ठरत नाही, जाडी ठरल्याशिवाय उतार ठरत नाही. ती म्हणाली, सभा मंगळवारी आहे. मी म्हटलं, मला माहीत आहे सभा कधी आहे.

२८ एप्रिल, मंगळवार

पहाटेच खाणीवर गेलो. दुपारपर्यंत दगड पाहिले. शेवटी सापडला! तोच राखाडी, तीच झाक! नमुना रुमालात बांधला आणि धावत निघालो. वाटेत बस बंद पडली. सभेच्या खोलीत पोचलो तेव्हा खुर्च्या रचून ठेवत होते.

प्रस्ताव पास झाला होता. एकमताने.

मी येईना, तेव्हा इंजिनिअरबाईंनी विषयपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेनने काढलं: लोखंडी सांगाडा, वर लाकडी फळ्या, एका बाजूला कठडा. पायऱ्या तशाच खाली राहणार, हवं तेव्हा वरचं सगळं उचलून ठेवता येणार. पार्किंगवाल्यांनीच अनुमोदन दिलं. म्हणाले, आमच्या वहिनींचा गुडघा त्यांच्याकडेच चालू आहे.

मूळ वस्तूला हात न लावता वर काम करायचं, हेच तर माझं तत्त्व! इतकी वर्षं हेच सांगत आलो. म्हणजे रॅम्प माझाच म्हटला पाहिजे. एका अर्थी.

घरी आलो. मला वाटलं, बोलेल. ती म्हणाली, दगड मिळाला? मी म्हटलं, मिळाला. रुमाल सोडून दाखवला. तिने हातात घेतला, खिडकीपाशी नेऊन उजेडात बघितला, म्हणाली, छान आहे. आणि परत दिला.

बोलली असती तर बरं झालं असतं.

१२ मे

काम चालू आहे. सकाळ-संध्याकाळ जाऊन देखरेख करतो. मिस्त्रीने विचारलं, तुम्ही कोण? म्हटलं, या इमारतीला वाचवणारा. तो म्हणाला, बरं, जरा बाजूला सरा, फळी येतेय.

१९ जून

उद्घाटन. तीन पानांचं भाषण खिशात होतं. (पाचाचं तीन केलं, हे कुणी लक्षात घेत नाही.) बाई म्हणाल्या, भाषणं नकोत, पेशंट खोळंबलेत. त्यांनी फीत कापली आणि झालं. मी कमानीखाली उभा राहिलो, कुणी विचारलं तर सांगता यावं म्हणून.

तेवढ्यात रिक्षातून आजी उतरल्या. त्याच. सून बरोबर होती. बायको रॅम्पच्या वरच्या टोकाला येऊन उभी राहिली, पण धरायला खाली गेली नाही. आजींनी कठडा पकडला. चार पावलं आल्या आणि थांबल्या. सून पुढे झाली तसा आजींनी हात झटकला. मग पुन्हा निघाल्या. एक पाय, मग दुसरा. फळी कुरकुरली. वर पोचल्यावर त्यांनी वळून रस्त्याकडे असं बघितलं, जणू रस्ता त्यांनी विकत घेतलाय. बायकोने डोळे पुसले आणि लगेच कुणाला तरी रागावली, टॉवेल कुठे ठेवलेत म्हणून.

कमानींकडे कुणी पाहिलं नाही. खरं सांगायचं तर मीही नाही.

२३ जून

दिवसभर घरात. खुर्ची खिडकीपाशी नेली, परत आणली. वाहतूक समितीत जागा आहे का, असं बाईंना विचारलं. नाही म्हणाल्या. उद्यान समिती? तिथेही नाही. नक्की का, विचारलं. म्हणाल्या, अगदी नक्की.

संध्याकाळी बायको म्हणाली, मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी सेंटरच्या टेबलाशी बसायला कुणी नाही. याल का? पेशंटला बसवायचं, नंबर आला की आत पाठवायचं. मी म्हटलं, म्हणजे सगळ्या जागेचं व्यवस्थापन. ती म्हणाली, म्हणजे टेबलाशी बसायचं.

विचार करून सांगतो म्हटलं. ती उठायच्या आत सांगितलं.

२५ जून, गुरुवार, दुपार

इस्त्रीचा शर्ट घालून वेळेआधीच जाऊन बसलो. खोळंबलेल्या पेशंटसाठी इमारतीवर एक छोटंसं व्याख्यान तयार होतं. पहिल्या बाईंच्या कानात इअरफोन. दुसरे गृहस्थ बसल्या बसल्या झोपले. तिसऱ्या बाई ऐकत होत्या, पण चुन्यापाशी आलो तसा त्यांचा नंबर आला.

अकराच्या सुमाराला एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले. हॉलमध्ये इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. वर झरोक्यांकडेही पाहिलं. मग थेट माझ्याकडे आले आणि म्हणाले, तुम्हाला इथली माहिती दिसते. मी उभा राहिलो. म्हटलं, विचारा ना.

म्हणाले, बाथरूम कुठंय?

मी म्हटलं, सरळ जा, त्या शेवटच्या झरोक्याखालून, मग डाव्या हाताला.

गेले. थोड्या वेळाने परत आले. माझ्या टेबलापाशी मुद्दाम थांबून म्हणाले, बरोबर सांगितलंत.